डॅशबोर्डची खडखड आणि व्यापाऱ्याचा हिशेब

जुनी गाडी विकायला काढणाऱ्या माणसाला कारण विचारा. तो इंजिनाचे नाव क्वचितच घेईल. "आता फार वाजते हो," एवढेच सांगेल. इंजिन ठीक असते, ब्रेक लागतात, टायर अजून वर्षभर चालण्यासारखे असतात. पण स्टिअरिंगसमोरची ती प्लास्टिकची भिंत दिवसभर खडखड करते आणि माणसाचा जीव नकोसा करते. मग एक दिवस तो वैतागून दलालाला फोन लावतो आणि मिळेल त्या भावाला चांगली गाडी हातावेगळी करतो. त्यानंतर नव्या गाडीचे हप्ते सुरू होतात. हा व्यवहार धंद्याच्या दृष्टीने खोटाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या दोषाचे औषध शंभर-दोनशे रुपयांचे सामान आणि एका जाणत्या कारागिराची अर्ध्या दिवसाची मेहनत एवढेच आहे, त्या दोषापायी लाखांचा खड्डा पाडून घेणे व्यापाऱ्याला शोभत नाही.

आम्ही कापडाच्या व्यापारातले. मोटारीचे शास्त्र आमचे नव्हे. परंतु लकडगंजात राहून लाकूड, कापड आणि यंत्र या तिन्हींचे कारागीर रोज डोळ्यांसमोर असतात. त्यांच्याकडून जे शिकलो आणि वापरून पाहिले, ते आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवत आहोत.

सैल का होतो?

एक काळ असा होता की हा प्रश्न फारसा पडत नसे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला कारखान्यातून निघालेली जुनी फियाट घ्या, किंवा कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याहून आलेली जुनी अॅम्बेसेडर घ्या. त्यांचा डॅशबोर्ड मुख्यतः पत्र्याचा असे. तो गंजला तरच वाजे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. हलकी, स्वस्त, कमी पेट्रोल पिणारी ही गाडी जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली आणि छोट्या व्यापाऱ्यालाही चारचाकी परवडू लागली. तिच्याबरोबर आपल्या घरात प्लास्टिकचा डॅशबोर्ड आला. पुढे आलेल्या सगळ्याच गाड्यांनी तोच मार्ग धरला.

प्लास्टिक वाईट नाही, पण त्याचा स्वभाव लोखंडापेक्षा वेगळा आहे. उन्हाने दोन्ही वाढतात, मात्र प्लास्टिक पोलादाच्या कितीतरी पट अधिक वाढते. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत तापू शकतो. सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या या तापापर्यंत पन्नास अंशांचा फरक धरला, तर १.२ मीटर लांबीची पोलादी पट्टी जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढते. तेवढ्याच लांबीचे प्लास्टिक त्याच्या जातीनुसार चार-पाच मिलिमीटर किंवा त्याहूनही जास्त वाढते. रात्री पुन्हा तेवढेच आकसते. वर्षानुवर्षे असे ताणणे आणि आकसणे चालले की स्क्रूची छिद्रे मोठी होतात, पकडणाऱ्या क्लिपा कडक होऊन तुटतात आणि दोन भागांमधली फट वाढते. ज्याने पाण्यात आटणारे कापड विकले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरे कारण रस्ता. नागपुरात सिमेंटचे रस्ते पुष्कळ झाले. सिमेंटचा रस्ता टिकाऊ असतो, पण उन्हाने फुगून फुटू नये म्हणून त्यात ठरावीक अंतरावर सांधे सोडावे लागतात. प्रत्येक सांध्यावर चाकाला एक बारीक ठोका बसतो. खड्डा एकदाच हादरवतो. सांधा मात्र दर काही फुटांवर त्याच तालाने ठोकत राहतो आणि सैल स्क्रूला आणखी सैल करतो.

तिसरे कारण माणसाचा हात. बहुतेक जुन्या गाड्यांचा डॅशबोर्ड कधी ना कधी उघडलेला असतो. कुणी टेप बसवला, कुणी मागाहून एसी लावला, कुणी चोरघंटा जोडली. घाईत बसवणाऱ्याने आठपैकी पाच स्क्रू लावले आणि उरलेले तीन डब्यात टाकले. मागच्या वायरी बांधल्याविना तशाच लोंबत सोडल्या. ग्राहकाला ते दिसत नाही, पुढे ऐकू मात्र येते.

आधी आवाज ओळखा

सैल डॅशबोर्डच्या दुरुस्तीत निम्म्याहून अधिक काम शोधण्याचे आहे. हात लावण्याआधी कान लावावा.

पहिली गोष्ट, गाडी रिकामी करावी. कप्प्यातली नाणी, चाव्या, अत्तराची बाटली, चष्म्याची डबी, काचेपाशी ठेवलेल्या वस्तू सगळे बाहेर काढून एक फेरी मारावी. कित्येकांचा आजार इथेच बरा होतो.

दुसरी गोष्ट, आवाजाची जात पाहावी. दोन वस्तू एकमेकींवर आपटल्या तर खडखड होते. तिथे फट भरायची किंवा स्क्रू आवळायचा. दोन वस्तू घासल्या तर किरकिर होते. तिथे मधे मऊ थर घालायचा. गाडी उभी असताना इंजिनाच्या ठरावीक वेगालाच गुणगुण होत असेल, तर एखादा पातळ भाग इंजिनाच्या थरथरीला साथ देतो आहे. तिथे आधार द्यायचा किंवा इंजिनाखालचे रबर तपासायचे.

तिसरी गोष्ट, आवाज खरोखर डॅशबोर्डचाच आहे का, हे ठरवावे. पत्र्यातून आवाज दूरवर जातो आणि कानाला फसवतो. बॅटरीची सैल पट्टी, बॉनेट उचलून धरणारी काडी, वायपरखालची जाळी, पुढच्या शॉकअॅब्सॉर्बरचे वरचे रबर, सायलेन्सरचा पत्रा यांपैकी काहीही वाजले तरी चालवणाऱ्याला ते समोरूनच आल्यासारखे वाटते. म्हणून बॉनेट उघडून हे सर्व हाताने हलवून पाहावे. आवाज स्टिअरिंगच्या दांड्यातून किंवा चाकाच्या बाजूने येत असेल, तर तो निव्वळ त्रासाचा विषय राहत नाही, जिवाचा होतो. तिथे घरगुती उपाय न करता गाडी त्याच दिवशी मिस्त्रीकडे न्यावी. खडखडीकडे दुर्लक्ष करू नये याचे मोठे कारण आम्हाला हेच वाटते. जी गाडी सदा वाजत असते, तिच्यात एखादा धोक्याचा नवा आवाज सुरू झाला तरी तो त्या गोंगाटात बुडून जातो.

एवढे झाल्यावर एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने शेजारी बसून तळहाताने डॅशबोर्डचा एकेक भाग दाबत जावे. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो, तिथे खडूची खूण करावी. दोन भागांच्या फटीत भेटकार्ड सरकवून पाहावे. कार्ड घातल्यावर शांतता झाली तर रोगाची जागा सापडली.

लकडगंजच्या सुताराचा धडा

इथे आम्हाला लाकूडबाजारातल्या सुताराची आठवण येते. तो दरवाजाचे पॅनेल चौकटीच्या खाचेत बसवतो, पण चारही बाजूंनी सरस लावून जाम करत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगणार आणि उन्हाळ्यात आकसणार, हे तो जाणतो. म्हणून पॅनेल पडणार नाही इतके धरायचे आणि हलायला बारीक जागा ठेवायची, हे त्याचे हुनर आहे. ज्याने जाम केले त्याचा दरवाजा पहिल्याच वर्षी तडकतो.

डॅशबोर्डलाही हाच नियम लागू आहे. खडखड थांबावी म्हणून पुष्कळ जण फटीत एम-सील भरतात, फेविक्विक ओततात किंवा स्क्रू जिवाच्या आकांताने पिळतात. आठ दिवस शांतता राहते. नंतर उन्हात प्लास्टिक वाढते, त्याला जागा मिळत नाही आणि ते शेजारून तडकते. आधी वीस रुपयांचा दोष होता. आता नवा भाग आणावा लागतो. लाकडाची पाचर किंवा कागदाची घडी ठोकणेही तसेच. लाकूड वाळून सुटते, कागद दबून चपटा होतो आणि दोन्ही शेवटी आतच पडून वाजू लागतात.

योग्य पद्धत अशी. आधी मूळ जागचे सगळे स्क्रू आणि क्लिपा मोजाव्यात. जे नाहीत ते त्याच मापाचे आणून लावावेत. क्लिपा मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात अगदी किरकोळ किमतीला मिळतात. स्क्रूचे छिद्र मोठे झाले असेल तर एक नंबर जाड स्क्रू घ्यावा, पण लांबी तीच ठेवावी, नाहीतर मागची वायर भोसकली जाते. स्क्रू हाताच्या पेचकसाने, घट्ट लागेपर्यंतच फिरवावा. मग जिथे दोन भाग टेकतात तिथे नमद्याची पातळ पट्टी चिकटवावी. शेवटी मागच्या वायरींची जुडी कापडी टेपने गुंडाळून मूळच्या जागी बांधावी. मोटारींचे कारखानेसुद्धा डॅशबोर्डमागच्या वायरी वाजू नयेत म्हणून कापडी टेपच वापरतात. आपल्या धंद्याचा माल तिथेही कामी येतो, याचा कापडवाल्याला आनंद व्हायला हरकत नाही.

माल निवडताना आमच्या व्यवसायातल्या चार गोष्टी सांगतो. लोकरीचा नमदा आवाज उत्तम शोषतो, पण पावसाळ्यात ओल धरतो आणि त्याला कसर लागते. पत्र्याला लागून असेल तर गंजही आणतो. म्हणून पॉलिएस्टरचा, सुयांनी ठोकून बनवलेला नमदा या कामी बरा. साधा गादीचा फोम घेऊ नये. उष्णतेने काही वर्षांत त्याचा भुगा होतो. जिथे जाडी हवी तिथे दारांच्या कडेला लावतात तसे काळे स्पंज-रबर घ्यावे. डिंक उष्णता सोसणारा असावा; हलक्या टेपचा डिंक नागपूरच्या मे महिन्यात वितळून वाहतो आणि पट्टी घसरून खाली येते. सुती चिंध्या कोंबणे तर कटाक्षाने टाळावे. त्या पंख्यात अडकतात, आणि वायर तापली तर पेट घेतात. घासण्याच्या आवाजावर खोबरेल किंवा ग्रीस लावणारेही पाहिले आहेत. त्यावर धूळ बसते आणि काही तेलांनी प्लास्टिक व रबर खराब होते. लावायचेच असेल तर सिलिकॉनचे वंगण थोडेसे लावावे.

एक गंभीर सावधगिरी

वर सांगितलेले सर्व काम एअरबॅग नसलेल्या जुन्या गाडीपुरते आहे. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग आणि १ जानेवारी २०२२ पासून शेजारच्या आसनाचीही एअरबॅग सक्तीची झाली. त्याआधीच्याही काही गाड्यांत ती असते. शेजारच्या आसनाची एअरबॅग डॅशबोर्डच्या आत बसवलेली असते आणि तिची वायर साधारणपणे पिवळ्या आवरणाची वा पिवळ्या जोडणीची असते. तिच्या झाकणावर पट्टी चिकटवणे, तिच्या जागी स्क्रू मारणे किंवा तिची वायर सोडणे हा जिवाशी खेळ आहे. अशी गाडी प्रशिक्षित कारागिराच्याच हाती द्यावी. इतर गाड्यांतही डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीची ऋण वायर काढून ठेवावी. पेचकस चुकून तारेला लागला तर आग लागायला क्षण पुरतो.

हिशेब मांडून पाहा

आता पैशांचे बोलू. आमच्याकडे २००५ सालची मारुती ८०० आहे. तिची खडखड ऐकून एका कार्यशाळेने पूर्ण डॅशबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता, तोही जुन्या गाडीचा सुटा भाग मिळाला तर. आमच्या भागातल्या एका मिस्त्रीने अर्ध्या दिवसात तीन क्लिपा, चार स्क्रू आणि हातभर नमद्यावर ते काम संपवले. कार्यशाळेने लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. जिथे तासाचा दर मोठा, तिथे शोधत बसण्यापेक्षा बदलणे सोयीचे पडते. परंतु त्यांची सोय हा आपला हिशेब नव्हे.

कायद्याची बाजूही नीट समजून घ्यावी, कारण बाजारात अर्धवट माहिती फार पसरते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून तिचे नूतनीकरण करता येते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील चारचाकीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील चारचाकीसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. पर्यावरण कर वेगळा. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. आपल्या नागपूरचे खासदार नितीन गडकरी त्या खात्याचे मंत्री आहेत. त्यात गाडी अधिकृत केंद्रात मोडीत दिल्याचे प्रमाणपत्र दाखवल्यास नव्या खाजगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. दिल्ली परिसरात गाडीच्या वयावर न्यायालयांनी घातलेली बंधने मात्र नागपूरला लागू नाहीत. 'पंधरा वर्षे झाली, आता द्यावीच लागेल' असे सांगून गाडी स्वस्तात उचलणाऱ्या दलालाला हे ऐकवावे.

म्हणजे जुनी गाडी ठेवणे फुकटचे नाही, हे मान्य. चेसीला आणि दारांच्या तळाला गंज लागून पत्रा सडला असेल, इंजिन तेल पीत असेल, धूर तपासणीत अडकत असेल, तर ती मोडीत द्यावी आणि सवलत घ्यावी. अशा गाडीचा लोभ धरू नये. नव्या गाडीत एअरबॅग आणि चांगले ब्रेक मिळतात, हाही फायदा मोठा आहे. परंतु तळ शाबूत आहे, इंजिन निरोगी आहे, दिवे-ब्रेक-स्टिअरिंग तपासणीत उतरतात आणि तक्रार फक्त आवाजाची आहे, तर नूतनीकरणाचे शुल्क अधिक मिस्त्रीची मजुरी ही बेरीज एका बाजूला लिहावी. दुसऱ्या बाजूला नव्या गाडीची किंमत, विमा, आणि कर्ज घेणार असाल तर व्याज लिहावे. व्याजाच्या व्यवहारापासून दूर राहू इच्छिणाऱ्या आपल्या बांधवांना तर रोख रक्कम धंद्यातून काढावी लागते. सणाच्या हंगामाआधी भांडवल मालाच्या गठ्ठ्यांत असले पाहिजे, अंगणात उभे राहून उपयोगाचे नाही.

कारागीर बांधवांसाठी

शेवटी आमच्या मिस्त्री बांधवांशी दोन शब्द. या कामाकडे किरकोळ म्हणून पाहू नका. सैल डॅशबोर्ड, वाजणारे दार, घासणारी काच, फाटलेले छत, उसवलेले रेक्झिन ही सर्व मिळून एक पूर्ण धंदा होतो. जुन्या गाड्या रस्त्यावर असेपर्यंत त्याला गिऱ्हाईक आहे. मोठ्या कार्यशाळेला हे काम नको आहे. जे दुसऱ्याला नको आणि गिऱ्हाइकाला हवे, तिथेच लहान कारागिराची रोजी आहे.

मात्र तीन गोष्टी पाळा. पहिली, शोधण्याची मजुरी वेगळी सांगा आणि आधी सांगा. सामान वीस रुपयांचे असले तरी कानाची किंमत वीस रुपये नाही. ती लपवायला सामानाचा भाव फुगवलात तर गिऱ्हाईक एकदाच येईल. दुसरी, काढलेले स्क्रू आणि क्लिपा ताटलीत ठेवा, मोजून काढा, मोजून लावा आणि तुटलेला भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्या. विश्वास याच गोष्टींनी बसतो. तिसरी, शागीर्दाला नुसते पाने उचलायला ठेवू नका. त्याला शेजारच्या सीटवर बसवा आणि आवाज ओळखायला शिकवा. आयटीआयमध्ये मोटारीचे काम शिकलेल्या मुलाजवळ पुस्तकाचे ज्ञान असते, उस्तादाजवळ कान असतो. दोन्ही एका दुकानात आले तर एअरबॅगवाल्या गाड्यांचे कामही सुरक्षितपणे घेता येईल.

आणि व्यापारी बांधवांनो, मिस्त्री अर्धा दिवस शोधून जेव्हा दोन मिनिटांत एक स्क्रू आवळतो, तेव्हा "एवढ्याचे एवढे?" म्हणून घासाघीस करू नका. आपणही गिऱ्हाइकाकडून केवळ धाग्याचे पैसे घेत नाही. कोणता माल धुतल्यावर टिकेल हे जाणण्याचे घेतो. नोंदणीची तारीख जवळ आली असेल तर या महिन्यातच गाडी रिकामी करून एक फेरी मारा, तळाचा पत्रा पाहा, आवाजाची जागा खडूने खुणा आणि मगच ठेवायची की द्यायची ते ठरवा.